चार एकरात चाळीस क्विंटल

पंचफुला: अन् चहा काहून तसाच ठेवला जी भाऊजी? पुसदच्या मास्तरले आमचा गुळाचा चहा चालत नाही काय आता?

राजदीप: चालतो वहिनी, पितो. दादा, तू आधी ऐकून तर घे. जमीन लिहून मागत नाही मी. चार ओळी आहेत, खाली फक्त तुझी सही.

उकंडा: वाच ना मंग. चष्मा नाही मायाजवळ.

राजदीप: "मी, उकंडा, लिहून देतो की सन दोन हजार सतराच्या हंगामात आमच्या सामायिक शेतात चाळीस क्विंटल कापूस झाला. तो विकून आलेली रक्कम माझा धाकटा भाऊ राजदीप याने घेतली."

उकंडा: किती?

राजदीप: चाळीस.

उकंडा: सतरा म्हणजे बोंडअळीचं साल.

राजदीप: हो.

पंचफुला: बाई बाई! पऱ्हाटी ही अशी छातीइतकी, अन् बोंड फोडलं का आत किडा. दिवाळीनंतर उभ्या वावरात ढोरं सोडली आमी. तुमीच तर आलते तवा, पाह्यलं ना डोयानं?

उकंडा: थांब वं जराशी. राजदीप, हे कोनाले दाखवाचं हाय?

राजदीप: इन्कमटॅक्सवाल्यांना. नोटीस आली आहे मला.

पंचफुला: तुमाले? शाळावाले पगारातूनच कर कापतेत म्हणत होते ना तुमी?

राजदीप: पगारातून कापतात. तिथं भानगड नाही. त्या वर्षी मी सुट्ट्यांमध्ये एक दुसरं काम घेतलं होतं. कंत्राटी. मुंबईच्या एका संस्थेचं. त्याचे पैसे पगाराबाहेरचे. असं असलं की दोन्ही कमाई एकत्र जोडून आपणच हिशोब द्यायचा असतो.

उकंडा: मंग जोडाचं होतं.

राजदीप: संस्थेनं दहा टक्के कर कापूनच पैसे दिले. मला वाटलं, सुटलो. तर कराचे कागद भरणारा सल्लागार म्हणाला, सर, तुमचा पगार धरला तर यावर वीस टक्के बसतात, अजून तेवढेच भरा. नाहीतर सातबाऱ्यावर नाव आहे ना तुमचं? शेतीचं उत्पन्न दाखवून टाका. शेतीला कर नाही.

पंचफुला: अन् तुमी मान हलवली.

राजदीप: हलवली. वरून संस्थेनं कापलेला करही मी सरकारकडे परत मागितला. तिथंच सापडलो. साहेब विचारतात, गुरुजी, कापूस विकला तर त्यावर हा कर कापला कोणी?

पंचफुला: एवढं तर मले बी समजते, अन् मी तर चौथीत शाळा सोडली.

उकंडा: काम कोनतं होतं ते?

राजदीप: जाऊ दे ना दादा.

उकंडा: कोनतं?

राजदीप: सर्वे.

पंचफुला: तोच? आपल्या वट्ट्यावर बसून विचारलं तो? कापूस किती झाला, फवारणीचं विष लागून कोन पडलं, पोरीची शाळा काहून सुटली?

राजदीप: तोच.

पंचफुला: मले वाटलं सरकारनं मास्तरलोकाले लावलं, जनगणनेले लावते तसं. पोहे केलते मी! अन् तांड्यावर धावजीच्या घरी कोन आलतं तुमच्या संग? मी. धावजी फवारणीत गेला त्याले महिना नव्हता झाला. त्याची बायको रामीबाई तोंड उघडत नव्हती. मीच म्हणलं तिले, बोल वं, आपलेच भाऊजी हायेत.

राजदीप: आठवते वहिनी.

पंचफुला: मंग ती बोलली त्याचे पैसे भेटले तुमाले?

राजदीप: भेटले. दर घरामागे इतके, असे भेटत होते.

उकंडा: त्यात मायं बी लिवलं होतं ना?

राजदीप: लिहिलं होतं.

उकंडा: काय लिवलं?

राजदीप: तू सांगितलं तेच. चार एकर, कोरडवाहू. अडीच क्विंटल, तो पण किडका.

उकंडा: एका कागदावर अडीच, दुसऱ्यावर चाळीस. अन् वावर एकच.

राजदीप: लाज वाटते दादा. खरं सांगतो, नोटीस आल्यापासून वर्गात नागरिकशास्त्राचा धडा पुढं ढकलून राह्यलो मी. पोरांकडे पाहून शिकवता येत नाही.

पंचफुला: अन् एवढं करून वाचले किती?

राजदीप: अठरा हजार.

पंचफुला: घ्या! चिंधी चोरली अन् पाटलाच्या घरी नेसून गेले.

उकंडा: तुले एक माहीत नाही. त्या साली तलाठी आलता वावरात. पीक गेलं म्हणून पंचनामा झाला, म्या त्यावर सही केली. त्याचीच मदत भेटली मंग. आता यावर बी सही केली तर चोर कोन?

राजदीप: हे तलाठ्यापर्यंत जाणार नाही म्हणे.

पंचफुला: कोन म्हणे? तोच सल्लागार? आना त्याले इथी. म्हणा, चाल, दाखव आमचा कापूस.

राजदीप: वहिनी, शाळेत कळलं तर नोकरीवर येईल माझ्या. संचालक आधीच टपलेले आहेत.

उकंडा: पेन आन वं.

पंचफुला: कायले?

उकंडा: आन म्हणलं ना. बाबा गेले तवा हा एवढुसा होता. रोज सायकलीवर बसवून ढाणकीच्या शाळेत नेलं म्या याले. त्याच नोकरीवर येते म्हणते तर म्या काय पाहत बसू? लोकं म्हणतीन चोर, तर म्हणोत. कुठी करू रे सही? इथी?

(राजदीप कागद ओढून घेतो.)

राजदीप: नको दादा.

उकंडा: काहून? आता तर हो म्हणलं म्या.

राजदीप: म्हणूनच नको. तू शिव्या देशील, हाकलशील, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तू पेन मागितला अन् मले इथी बसवेना.

उकंडा: मंग करशीन काय?

राजदीप: खरं आहे ते लिहून देतो. पगार अन् सर्वेचे पैसे एकत्र दाखवतो. कर भरतो, व्याज भरतो, दंड लावला तर तोही भरतो.

उकंडा: अन् शाळेत तूच आधी सांग. दुसऱ्याच्या तोंडून गेलं का जास्त लागते.

राजदीप: सांगतो.

पंचफुला: अन् रामीबाईले?

राजदीप: तिच्या घरी पण जातो. आजच.

पंचफुला: जा. पन एकटेच जा भाऊजी. या खेपी मी नाही येत संग.

राजदीप: बरं.

पंचफुला: तो चहा निवला. आना इकडे, गरम करून देते. चाळीस क्विंटल! काहो, ठेवला असता कुठी एवढा?

उकंडा: याच खोलीत. झोपाले जागा राह्यली नसती.

पंचफुला: अन् वेचाले बाया? गावातल्या पुरल्या नसत्या. तांड्यावरून आनाव्या लागल्या असत्या.

राजदीप: हसू नका वहिनी. आधीच मान वर करवत नाही मले.

पंचफुला: हसून नाही राह्यली जी भाऊजी. मनातल्या मनात वेचून राह्यली.