स्वयंपाकघरापर्यंत गेलेला नगरसेवक

आदरणीय अध्यक्षा श्रीमती हॅन्ली, व्यासपीठावरील फादर मॅक्गारी, आजचे सत्कारमूर्ती फिंटन गेराटी, त्यांच्या पत्नी ऊना, वेळेवर आलेल्या सर्व मंडळींनो, आणि वेळेवर न आलेल्यांनो, मागे उभे राहा, खुर्च्या ओढू नका.

गेल्या महिन्यात आपण फिंटनला निवडणुकीत पाडले आणि आज त्याला घड्याळ देत आहोत. या सभागृहात आत्ता जेवढी माणसे आहेत, तेवढी त्या दिवशी त्याच्या बाजूने असती तर घड्याळ घ्यावे लागले नसते. असो.

फिंटन माझा विद्यार्थी. गणितात बेताचा, पण माणसे सांभाळण्यात पहिल्यापासून पक्का. वीस वर्षे नगरसेवक राहिला तो दोन गोष्टींवर: गावातले एकही मयत चुकवायचे नाही, आणि वादाच्या प्रश्नावर तोंड उघडायचे नाही.

मग चार वर्षांपूर्वी सार्वमत आले. दोन पुरुषांना, दोन स्त्रियांना एकमेकांशी लग्न करू द्यायचे की नाही, हे राज्यघटनेत लिहायचे होते आणि ते आपल्यालाच ठरवायचे होते. मी 'हो'च्या बाजूने दारोदार फिरत होते. फिलोमिना कॉक्स 'नाही'च्या बाजूने फिरत होती. आम्हा दोघींना फिंटन हवा होता, कारण त्याच्या एका शब्दावर अर्धे गाव हलते.

मी औषधाच्या दुकानात गाठून विचारले, "फिंटन, हो की नाही?"

"बाई, खड्ड्यांबद्दल विचारा ना. खड्ड्यांबद्दल माझं ठाम मत आहे."

फिलोमिनाने चर्चच्या पायरीवर धरले. "मुलांना आई लागते की नाही, सांग."

"लागते की. आणि मला तुमच्या घरातली पाच मतं लागतात, फिलोमिना."

यात त्याला दोष कसा द्यावा? कोणतीही बाजू घेतली असती तरी जागा गेली असती, हे त्याला कळत होते.

मतदानाला आठवडा उरला असताना लोर्कन बीर्न गेला. लोर्कनच्या घरी डोनल राहत असे. कित्येक वर्षे. गाव त्याला 'लोर्कनचा भाडेकरू' म्हणे. एका भाडेकरूने मालकाला आजारपणात भरवले, अंघोळ घातली, हे सगळ्यांना माहीत होते आणि कुणी त्याविषयी बोलत नव्हते.

मयताच्या घरी प्रचार करायचा नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी आपापले 'हो'-'नाही'चे बिल्ले फाटकाशीच काढले. शवपेटीशेजारी घरची माणसे ओळीने बसली होती. ओळीच्या टोकाला लोर्कनचा धाकटा भाऊ ओवेन. डोनल स्वयंपाकघरात आलेल्यांसाठी पावाला लोणी लावत होता.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरच्या माणसाचा हात हातात घेऊन म्हणायचे, "तुमचं फार वाईट झालं." इतरांना म्हणायचे, "माणूस चांगला होता हो." यात कुणी चुकत नाही. लहान मूलही चुकत नाही.

फिंटन माझ्या पुढे होता. त्याने ओळीतल्या सगळ्यांचे हात हातात घेतले. मग बाहेरच्या दाराकडे वळायचे सोडून तो स्वयंपाकघरात शिरला. डोनलने सवयीने चहाचा कप पुढे केला. फिंटनने कप ओट्यावर ठेवला, डोनलचा लोणी लागलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि बैठकीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डोनल, तुझं फार वाईट झालं."

नगरसेवकाने आपले मत जाहीर केले होते, आणि तेही गावभरची माणसे जमलेली असताना.

पुढचा गेला तसेच मागच्याने जायचे असते. मी गेले. माझ्यामागे फिलोमिना होती, तिलाही यावे लागले. मग सगळी रांगच आत येऊ लागली. शेवटी ओवेन उठून आला.

"बाहेर चल, बाबा," तो डोनलचा दंड धरून म्हणाला. "लोकांना केवढा वळसा पडतोय. चहा नेणारेही अडकलेत."

आणि त्याला आपल्या खुर्चीवर बसवले.

फाटकाशी बिल्ला लावताना फिलोमिना मला म्हणाली, "बाई, हात दिला. मत देणार नाही."

"कुणी मागितलंय?" मी म्हटले.

देशाने 'हो' म्हटले. आपल्या मतदारसंघाने मात्र थोडक्यात 'नाही' म्हटले, आणि तसे म्हणणारे देशात आपण एकटेच. कायदा झाला तेव्हा डोनलला त्याचा उपयोग उरला नव्हता.

यंदा फिंटन मते मागायला फिलोमिनाच्या दारी गेला. ती म्हणाली, "त्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत तुझ्यामागून आले, तेवढं पुरे." असे किती दारांत झाले ते त्याने मला सांगितले नाही. पश्चात्ताप होतो का, असे मी विचारले. "बाई," तो म्हणाला, "दुसरं काय म्हणणार होतो मी त्याला?"



अध्यक्षांनी बोलू दिले, फादरांनी मध्ये थांबवले नाही, ऊनाने इतकी वर्षे हा माणूस गावाला वापरू दिला, सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करा. मतपेटीत जे झाले, त्याची क्षमा ज्याची त्याने फिंटनकडे मागावी. तो दाराशीच उभा राहणार आहे, रांगेने या.