मापाचा झंपर

माझं माहेर पारनेर तालुक्यातलं, कोरडवाहू, बाजरी-मटकीचं, आन आमी दोघी बहिनी, मी धाकटी. आता काय सांगू तुमाला, सांगायची गोष्ट न्हाई, पन तुमी बाईमानूस म्हनून सांगते, माझी छाती एकसारखी न्हाई, उजवी बाजू भरलेली आन डावी पार सपाट, जन्माचंच हाय ते. आय जुन्या लुगड्याची घडी करून द्यायची, ती डावीकडं घालायची, वर पदर, कुनाला काय कळतंय.

लगीन ठरलं श्रीगोंद्याकडं, नव्वद सालाच्या पुढंमागं. आमच्यात नवरीचा झंपर सासरकडनं शिवून येतो, म्हनून मापाला जुना झंपर मागवत्यात. आयनं काय करावं, माझ्या झंपरावरनं कळंल या भ्यानं थोरल्या बहिनीचा दिला धाडून! लग्नाच्या दिवशी घातला तर डावीकडं निस्ता झोळ, आन घडी हळदीच्या न्हानात चिंब झालेली. तेवढ्यात आत्याबाई आत आल्या, आत्याबाई म्हंजी माझी सासू. मला वाटलं झालं, आता वऱ्हाड माघारी जातंय, कारन फसवलं तर हुतंच आमी. त्यांनी दार लोटलं, सुई-दोरा मागितला, आन माझ्या अंगावरच डावी बाजू आत घेऊन टीप घातली. एवढंच म्हनल्या, माप तुझंच का न्हाई धाडलं गं? मला लई रडू आलं.

पुढं पोरगी झाली, तिला उजव्या अंगावर पाजली, चांगली गुटगुटीत झाली. पन पोरगी हायस्कुलात असताना कांदे काढायला गेल्ते एकदा, वाकले आन घडी पडली वाफ्यात, समद्या बायांच्या म्होरं. लई हसल्या. एकीनं तर ती उचलून दाखवली. तवापासनं मी रानात जायचं सोडलं, घरात बसून ऱ्हायले, कुनाशी बोलू वाटंना.

आत्याबाईनीच इचारपूस करून पुन्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीनबाई म्हनली, मांडीतली चरबी सुईनं वढून घ्यायची आन थोडी थोडी करून छातीत सोडायची, नवं हाय हे, बरीच चरबी विरून जाती, परत यावं लागंल, आन अगदी एकसारखं व्हईल असं मी सांगनार न्हाई. मालक म्हनले, मला तर चालतंय हाय तसं. मी म्हनलं, तुमाला चालतंय हो, वाफ्यात मला वाकायचंय.

केलं. मांड्या काळ्यानिळ्या झाल्या, बसता येईना, महिनाभर आत्याबाईच चुलीपुढं. पहिल्यांदा लई भरल्यावानी दिसलं, मग बाई म्हनली व्हती तसं उतरत गेलं, निम्मं ऱ्हायलं. पन घडी घालायची सुटली. आता कांद्याला जाते, रांगंत माझी पात धरते, हसनाऱ्या बाया बी संगंच असत्यात.

परवा आत्याबाई म्हनल्या, तुझा लग्नातला झंपर आन बरं. त्यांचं डोळं अधू झाल्यात, मला घालाया लावला, हात फिरवून बघितलं, बोटानं चाचपत आपलीच टीप उसवत गेल्या आन निम्म्यावर थांबल्या, तेवढ्यातच झंपर अंगाला बसला. म्हनल्या, बाकीची उसवायला परत पुन्याला जायचं का? मी म्हनलं, न्हाई, ऱ्हाऊ द्या, ती तुमी घातलेली हाय. मग त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.

बरं चाललंय आमचं. पोरीच्या लग्नाला मापाचा झंपर तिचाच धाडनार, जसा असंल तसा.