पाचामागं एक वर

न्हाय न्हाय, पोतं खांद्यावरनं उतरवूच नका पाहुणे, गिरणी बंद हाय. भात घेऊन परत जा, न्हायतर घरी कांडा — इथं नुसती कणी पडेल. इंजिन? इंजिनाला काय झालंय, धडधाकट हाय. चाकानं घात केला. हे धाकटं चाक बघा, चौदा दातांचं, आन् त्याला लागून थोरलं होतं बेचाळीसचं. धाकट्यानं तीन फेरे मारले का थोरल्याचा एक, आन् थोरल्याच्या जिवावर आतला भात भरडायचा रूळ फिरायचा. दाणा कसा अख्खा पडायचा! गेल्या शिमग्याला थोरलं फुटलं. मुंबईला दात कळवले, नवं ओतून दिघीच्या बंदरावरनं आलं — पस्तीसचं! घेरानं लहान, म्हणून धाकटं पुढं सरकवून जुळवलं. आता अडीच फेऱ्यांतच थोरलं फिरून मोकळं. जिथं रुळानं पाच फेरे घ्यायचे तिथं सहा घेतो, दाणा टिकंल कसा? इंजिन मंद ठेवलं तर धापा टाकून बंद पडतं. दुसरं चाक मालक देणार न्हाय. म्हणतो, मुंबईचा फिटर धाडतो. धाडू दे!

पस्तीस कुणी मोजले? आमच्या बायकोनं, सगुणेनं. ती बाजारात आंबे विकते ना — पाच मोजायचे, सहावा न मोजता वर घालायचा, जन्माची सवय. फुटक्या चाकावर बोट फिरवत बसली, दर सहावा दात सोडला. बेचाळीसाचे पस्तीस! आन् आता रूळबी तसाच, पाचामागं एक वर देतो. हसू नका हो.

मी का न्हाय मोजले? कामात होतो. म्हंजे — मोजले, तीनदा मोजले, दर खेपेला निराळे. दात एकात एक मिसळतात, धुकं पडल्यावाणी. दोन वरसं झाली, इंजिन कानानं चालवतोय. सगुणेला तेवढं ठावं. मालकाला कळलं तर दारात उभं करायचा न्हाय, आन् या वयात आंब्यांच्या पाटीमागं बसून मी काय करू? तुम्ही गिऱ्हाईक माणूस, म्हणून बोललो. तुम्ही कशाला कुठं सांगताय.

उतरवलंत पोतं? — हे काय वाजलं? भात असं वाजत न्हाय. लोखंड हाय हे. नट आवळायचे पाने हायत.

...आधी बोलायचं तरी, फिटरसाहेब.

गिरणीची चावी त्या खुंटीवर हाय. न्हाय, हात नका धरू माझा. तुम्ही तुमचं काम बघा. सगुणा येईल मला न्यायला.