मामांच्या नावाची मंगलाष्टकं

(तमिळ मुलखातलं वेलचेरी, दुपारचे तीन. बालाजीरावांच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. त्यावर जुन्या, रंगीत कागदांवर छापलेली मंगलाष्टकं पसरली आहेत. परवा बालाजीरावांच्या मुलीचं, सौम्याचं, लग्न आहे. बालाजीरावांची आत्या विशालाक्षी आणि सौम्याची मैत्रीण रेवा टेबलापाशी बसल्या आहेत.)

रेवा : एक्केचाळीस पत्रकं, आजी! आणि प्रत्येकाखाली नवरीच्या मामाचं नाव. 'रचना : वधूचे मामा तुळजाजीराव.' 'रचना : वधूचे मामा श्रीवत्सराव.' आमच्या नाशिकच्या मामाला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा दुसऱ्याने पाठवलेल्या पुढे ढकलाव्या लागतात. तुम्हां तंजावरकरांचे सगळे मामा कवी कसे काय निघाले?

विशालाक्षी : कावेरीचं पाणी, दुसरं काय.

रेवा : खरंच?

विशालाक्षी : चुम्मा, उगाच बोललें गे. तू लिहून नको घेऊं.

रेवा : मी तर बॅनरच केलाय. सौम्या ऑफिसात माझ्या शेजारी बसते ना, तीच म्हणाली, रेवा, तू डिझायनर आहेस, माझ्या लग्नात मंडपाच्या दारात आमच्या घरातली ही जुनी पत्रकं फ्रेम करून लाव. वर आठ फुटी बॅनर. 'कविमामा : तंजावरी लग्नांतली एक परंपरा.'

विशालाक्षी : छापला?

रेवा : सकाळीच. पेरुंगुडीत आमच्या ऑफिसखालीच दुकान आहे.

विशालाक्षी : अय्यो. आठ फूट खोटं.

रेवा : म्हणजे?

विशालाक्षी : तो गुलाबी कागद उचल. वरती कोण?

रेवा : वधू सुनेत्रा, मु. तिरुवारूर, १९६१. वर चित्र आहे, नदी घराच्या पायऱ्या चढून आलीय, हातात ओटी. आजी, हे चित्र मला फार आवडतं. त्या काळात छपाईचा असा ब्लॉक कोणी कोरला असेल!

विशालाक्षी : चित्राखालचं हातानं झाक. झाकलंस? आता ऐक. 'कावेरी घरि ये, म्हणे, मजसि दे ही लेक, माझी सखी। माता सोडि न हात ती, पदर ये डोळ्यांस ओल्या मुखी॥' बघ, तेंच आहे का?

रेवा : तेच आहे. शब्द न् शब्द. तुम्ही लग्नात ऐकलं असेल.

विशालाक्षी : अंतरपाटाजवळ मज कोण नेणार? सतराव्या वर्षी कपाळ पुसलं माझं. मंगलाष्टकाच्या वेळी मी मंडपांत दिसलें असतें तर नवरदेव घोड्यावर बसून परत गेला असता. दुसरा कागद उचल. तो हिरवा. तिसरा. तुज हवा तो उचल, मी म्हणतें.

रेवा : आजी... हे सगळे श्लोक तुम्ही लिहिलेत?

विशालाक्षी : एक्केचाळीस.

रेवा : सगळ्या मामांसाठी?

विशालाक्षी : आमच्यांत रीत तशी. मंगलाष्टकं छापायची ती नवरीच्या मामाच्या नावानं. मान मामाचा. मग ज्याची भाची लग्नाची, तो मामा महिनाभर आधी येणार, ओसरीवर बसणार, माझ्या दादाला म्हणणार, तुळजाजी, आठ श्लोक होणार का? दादा म्हणणार, बघतों. आणि आतल्या खोलीचं दार दोन बोटं उघडून मज म्हणणार, विशाला, नवरीचं नाव असं, गाव असं, नवरा रेल्वेत आहे. झालं.

रेवा : आणि खाली नाव मामाचं.

विशालाक्षी : मामाचं. दादा स्वतः नऊ भाच्यांचा मामा, त्यामुळं नऊ त्याच्या नावावर.

रेवा : तुम्हाला राग नाही आला?

विशालाक्षी : ऐंशी वर्षांची झालें तोंवर आला नाही. आता अठ्ठ्याऐंशी आहें, आठ वर्षं रोज येतो. दादा लग्नाहून घरी यायचा, पाय धुवून पाटावर बसायचा आणि सांगायचा, 'आज माझ्या तिसऱ्या श्लोकाला सगळे रडले.' माझ्या, म्हणायचा! माझ्यापुढां! आणि मी त्याला भात वाढायचें. रसम वाढायचें. आणखी काय झालं, कोण रडलं, तें विचारायचें सुद्धा. लाज वाटते मज त्याची.

रेवा : तुम्हाला कशाला लाज?

विशालाक्षी : ऐकायचं असायचं ना मज. कुठल्या ओळीला रडले तें.

रेवा : मग ही चित्रं कोणाची?

विशालाक्षी : चंद्रमौळीची. तिरुवल्लिक्केणीच्या प्रेसमधला ब्लॉकवाला. त्याला मराठी एक अक्षर येत नव्हतं. तो ओसरीवर बसायचा, मी दाराआडून श्लोकाचा अर्थ तमिळीत सांगायचें, तो ऐकून घरी जाऊन काढायचा. नदी पायऱ्या चढते, असं मी म्हटलं तर दुसरा कुणीही हसला असता. त्यानं विचारलं, अम्मा, किती पायऱ्या?

रेवा : अहो, एक विचारू? या प्रत्येक चित्रात चौकटीच्या बाहेर, समासात, एक बाई उभी आहे. डोक्यावरून पदर, पाठ आपल्याकडे. मला वाटलं कावेरीमाई असेल.

विशालाक्षी : कावेरीमाई पायऱ्यांवर आहे की. ती बाहेरची मी.

रेवा : त्याने तुम्हाला काढलं? विचारून?

विशालाक्षी : कशास विचारेल? पहिलं पत्रक हातांत आलं तेव्हां माझ्या जिवाचं पाणी झालं. कुणी ओळखलं तर? मी त्याच्याशी दोन वर्षं बोललें नाही. श्लोकाचा अर्थ दादाकरवी सांगायचें, दादा भलतंच सांगायचा, आणि हत्ती हवा तिथं बैल यायचा. पण समासांतली बाई त्यानं सोडली नाही. एकदां मी दाराआडून ओरडलें, काढून टाक तिला! म्हणाला, ब्लॉक कोरून झाला, अम्मा. दर वेळी तेंच. ब्लॉक कोरून झाला.

रेवा : आजी, माझ्याकडून एक घोळ झालाय.

विशालाक्षी : अजून एक?

रेवा : सौम्याच्या पत्रकासाठी मी हेच गुलाबी चित्र स्कॅन केलं. आणि ती बाई... मला वाटलं उगाच गर्दी होतेय. मी पुसली तिला.

विशालाक्षी : पुसलीस?

रेवा : कंप्युटरवर. परत आणता येईल, जुनी फाइल आहे माझ्याकडे. आणते. आत्ता आणते. आणि थांबा, चौकटीच्या आतच घेते ना तिला. मंडपात, नवरीच्या शेजारी. दोन मिनिटांचं काम आहे.

विशालाक्षी : नको. चंद्रमौळीनं जिथं काढली तिथंच राहूं दे. आत मी आपल्या पायानं जाईन.

बालाजीराव : (आत येत) आत्या! अगं, प्रेसवाल्याचा तिसरा फोन. पाचला मशीन बंद करतो म्हणतो. रेवा, फाइल रेडी?

रेवा : काका, सातच श्लोक आहेत माझ्याकडे.

बालाजीराव : सात? मंगलाष्टक म्हणजे आठ ना? आत्या, आठवा कुठं?

विशालाक्षी : माझ्याकडं आहे.

बालाजीराव : दे की मग.

विशालाक्षी : खाली काय छापणार, तें सांग आधी.

बालाजीराव : नेहमीचं. 'रचना : वधूचे मामा व्यंकटेश.'

विशालाक्षी : व्यंकटेश! न्यू जर्सीचा! त्याला मराठीत पाणी मागतां येत नाही. त्यानं हे सात श्लोक लिहिले?

बालाजीराव : आत्या, तो मान आहे. सौम्याच्या आईचा, सीतालक्ष्मीचा, एकुलता भाऊ, इतक्या लांबून येतोय. लिहिलं कुणी हा प्रश्न नाही, रीत आहे ती.

विशालाक्षी : मान दे की. फेटा बांध, नारळ दे, पहिल्या पंगतीला बसव. माझे श्लोक कशास देतोस?

बालाजीराव : आता? एक्केचाळीस वेळा काही बोलली नाहीस, आणि माझ्याच मुलीच्या लग्नांत?

विशालाक्षी : दर वेळी विचारलं तें दादाला. मज कधीच कुणी विचारलं नाही. म्हणून आतां न विचारतांच सांगतें. खाली माझं नाव. आणि आठवा श्लोक छापायचा नाही. तो मी मंडपांत उभी राहून म्हणणार.

बालाजीराव : मंडपांत?

विशालाक्षी : अंतरपाटाच्या बाजूला. 'सावधान' म्हणायच्या आधी.

बालाजीराव : आत्या, तुला कोण अडवतंय? काळ बदलला आता. तू ये, आरामांत बस. डायनिंग हॉलला ए.सी. आहे, तिथं सोफा टाकायला सांगितलाय मी, तुझ्यासाठी स्पेशल.

विशालाक्षी : नात्यांतल्या सुष्मिताच्या लग्नांत पण ए.सी. होता. त्याच्या आधी श्रीवत्साच्या मुलीच्या लग्नांत पंखा होता. त्याच्या आधी खिडकी होती. सत्तर वर्षं मज वारा घालताय तुम्ही. मंडपापासून दूर बसवून.

रेवा : काका, मी मध्ये बोलते म्हणून सॉरी. पण आजी बरोबर बोलतायत.

बालाजीराव : तू थांब जरा, रेवा. मुलाकडचे पुण्याचे आहेत, शंभर माणसं येणार. त्यांत एक म्हातारी काकू तरी नाक मुरडणारच. मुलीच्या डोक्यावर पडतं तें, आत्या. माझ्या डोक्यावर पडलं तर मी सोसेन.

विशालाक्षी : सौम्याला विचारलंस?

बालाजीराव : तिला काय विचारायचं?

विशालाक्षी : मी विचारलं. ती म्हणाली, आत्याआजी, तू नाही उभी राहिलीस तर मी पण नाही.

बालाजीराव : म्हणजे तुम्ही दोघींनी ठरवलंय सगळं. सेरी, बरं. मग बाबांचं काय? त्या दारात बाबांची नऊ पत्रकं लागणार. तिथं लोक वाचणार, रचना तुळजाजीराव, आणि आत येऊन ऐकणार, रचना विशालाक्षी. उद्या विचारतील ना, मग त्या नऊचं कसं? बाबांना मेल्यावर खोटं पाडायचं? तुज कळतंय का मी काय म्हणतोय? गावभर त्यांना कविराज म्हणायचे. मी त्यावर वाढलो.

विशालाक्षी : कळतंय की. बस इथं. बस. तुझ्या बापानं मज खोली दिली, अन्न दिलं, लुगडं दिलं. सासरच्यांनी हाकललं तेव्हां बैलगाडी घेऊन आला तो एकटाच. तो वाईट नव्हता. पण माझं होतं तेवढं एकच त्यानं घेतलं, आणि वाटलं सुद्धा नाही त्याला कांही घेतलं म्हणून. त्याला मी कुठं खोटं पाडतें? मी फक्त माझं मागतें.

बालाजीराव : आत्या...

विशालाक्षी : तुझ्या लग्नाचं पत्रक आठवतं? पिवळं. सीतालक्ष्मीच्या मामाच्या नावाचं.

बालाजीराव : पाठ आहे मला. पाचवा श्लोक आला तेव्हां अंतरपाटाच्या मागं मी पण तो भटजींबरोबर पुटपुटत होतो.

विशालाक्षी : कुणी लिहिला?

बालाजीराव : तुला माहीत आहे की.

विशालाक्षी : तोंडानं बोल. ही मुलगी ऐकतेय.

बालाजीराव : तू. मला माहीत होतं. बाबांना बँकेची स्लिप भरतां येत नव्हती, श्लोक कुठले? घरांत सगळ्यांना माहीत होतं, आत्या. कुणी बोलत नव्हतं, इतकंच.

विशालाक्षी : तें मज माहीत होतं.

रेवा : काका, प्रेसवाल्याचा फोन.

बालाजीराव : वाजूं दे. रेवा, त्या बॅनरवर काय लिहिलंयस?

रेवा : कविमामा. पण तो मी लावणारच नाहीये. नवा करते. माझ्या पैशांनी करते, हवं तर.

बालाजीराव : पैशांचं राहूं दे. काय लिहिशील?

रेवा : 'विशालाक्षी यांची एक्केचाळीस मंगलाष्टकं. चित्रं : चंद्रमौळी.'

विशालाक्षी : बेचाळीस लिही. मी अजून मेलें नाही.

बालाजीराव : आणि पत्रकावर? श्रीमती विशालाक्षीबाई, असं?

विशालाक्षी : श्रीमती नको, बाई नको. वधूची आत्याआजी पण नको. नुसतं विशालाक्षी. कुणाची कोण, तें ज्याला हवं त्यानं विचारावं.

बालाजीराव : व्यंकटेशला मी सांगतो. तो खूशच होईल, त्याला भीती वाटत होती, स्टेजवर मराठी वाचायला लावतील.

रेवा : फाइल पाठवली. सात श्लोक, खाली नाव. आणि समासात ती बाई. आजी, आठवा ऐकवा ना. छापत नाही, शपथ.

विशालाक्षी : पूर्ण नाही. एक ओळ घे. 'मीही आज उभी इथे भरसभे, घ्या अक्षता हाति या.'

बालाजीराव : आत्या, पुण्याची काकू उठून गेली तर?

विशालाक्षी : तर तिची खुर्ची मला दे. पाय दुखतात माझे.

बालाजीराव : मुहूर्त सकाळी सव्वासहाचा. पाचला गाडी सांगतो तुझ्यासाठी.

विशालाक्षी : मी तुमच्याबरोबरच येणार, नवरीच्या गाडींत. आणि बालाजी...

बालाजीराव : काय?

विशालाक्षी : अक्षता मुठीत किती घेतात रे? शेवटच्या टाकल्या तेव्हां मी सोळाची होतें.