दारातलं शेवटचं झाड

झाडांच्या तपासणी केंद्रात मांडीवरच्या लेकीला थोपटत एक बाई बसली होती. शेजारी रिपोर्ट घेतलेले बहीणभाऊ बोलत होते.

“ताई, आपल्या झाडांवरच्या जंतूचा जनुकसंच म्हणे इतरांच्या मानानं अगदीच तोकडा. मग एवढा का छळतोय?”

“मोठ्या संचाचे काही जंतू मातीतही तग धरतात, शहाण्या. ह्याला तेवढं जमत नाही. झाड जिवंत तोवरच हा.”

“बाग तर तोडली आपण! तरी नवी रोपं पिवळी?”

“दारातलं झाड ठेवलंय ना. तिथूनच किडे जंतू रोपांवर नेतात.”

“ते आईनं लावलंय.”

“म्हणून तर ठेवलं. आता ते तोडायचं तूच सांग तिला. धाकट्यावर ती रागवत नाही.”

“रागावली तर सोसेन गं. ती नुसतं ‘तोडा’ म्हणेल आणि आत जाईल.”

लेकीला थोपटणारा त्या बाईचा हात थांबला.