काळी की दुधाची

महामार्गावरच्या थांब्यावर नाणं टाकलं की कॉफीचा डबा देणाऱ्या यंत्रापुढे शिझुए रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक म्हातारा ट्रकवाला आणि त्याची मुलगी. काळी, दुधाची, कॅरॅमलची. डब्यांच्या रांगा लागलेल्या.

“काळीच घेतो. बिनसाखरेची.”

“मागच्या थांब्यावरही काळीच प्यायलात, बाबा.”

“झोप उडते तिनं.”

“उडाली असती तर बोगद्यात गाडी भिंतीकडे गेली नसती.”

“वारा होता.”

“बोगद्यात?”

म्हातारा बटणांकडे बघत राहिला. त्याला घाई करा म्हणायचा शिझुएला धीर झाला नाही.

“मिनोरी, तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय मी.”

“म्हणूनच म्हणते. मी ट्रकचा परवाना काय भिंतीवर लावायला काढला? किल्ली द्या.”

“नाही दिली तर?”

“मी इथेच राहते. का राहिले, ते आईला फोनवर सांगते.”

“आईला मध्ये आणू नकोस.”

“मग किल्ली द्या.”

म्हाताऱ्यानं खिशात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. शेवटी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

“काळी तुला घेतो. गरम.”

“आणि तुम्हाला?”

“ती दुधाची, गोड. मला आता कुठं जागायचंय?”