चौघींत पाचवी नको

— नाही म्हटलं ना एकदा! पाचवी नाही, तिसरी नाही, कुठलीच नाही. माझी आई तुमच्या त्या खुन्यानं मारलेली नव्हेच. चार बायका मारल्या त्यानं, चार — लंडनचा हा सगळा वॉपिंग गोदीकाठ साठ वर्षं चार म्हणतोय, आणि तुम्ही आज टोपी हातात घेऊन येता नि म्हणता, विनीबाई, पाच असाव्यात! असाव्यात म्हणजे? अंडी आहेत का टोपलीतली? बसा म्हटलं नव्हतं मी. बसलात, तर बसा — पण ती खुर्ची नको, ती लॅरीची. माझा नवरा. पायरीवर उन्हात बसलाय ना, तोच. काय बोललात त्याच्याशी येताना? नुसतं हवापाण्याचं? बरं. तेवढंच ठेवा. तो चौथीचा मुलगा, नोरा क्विलचा — माहीत असणारच, पुस्तकं लिहिणाऱ्यांना आमच्या घरातलं आमच्याआधी माहीत असतं. पाच वर्षांचा होता तो, मी सात वर्षांची. माझी आई शनिवारी गेली, त्याची पुढच्या बुधवारी. एका परसात दोन दारं आमची. युद्धात बॉम्ब पडला तिथं, आता खड्डा आहे. खड्ड्याचा फोटो काढा हवा तर, नि जा.

गळा तसाच चिरला होता म्हणता? अहो, गोदीकाठी गळा चिरायला खास माणूस लागत नव्हता! त्याची खूण काय होती — तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेले — डावा मोजा. मारली की डाव्या पायातला मोजा काढून न्यायचा मेला. पहिलीचा नेला, दुसरीचा नेला, तिसरीचा नेला. आणि माझ्या आईच्या दोन्ही पायांत मोजे होते. पोलिसानं पाहिलं, डॉक्टरनं पाहिलं. कुणी दारुडा खलाशी असेल, त्यानं मारली. झालं? लिहा तसं. चहा नाही विचारणार, साखर रेशनची आहे.

काय? एक काळा, एक तपकिरी? मग? गरिबाच्या पायांत जोडीनं मोजे असतात, असं कुणी सांगितलं तुम्हाला? वर करा बघू तुमची विजार — हं, जुळतात. बायकोनं काढून ठेवले असतील सकाळी. आमच्याकडे जो फाटला नाही तो पायात! एवढ्यावरून आईला त्या यादीत घालताय? अहो, मोजे सगळ्यांचेच तसले, नोराच्या पायात उरलेला तपकिरी होता म्हणून काय लगेच —

असं का बघताय? तुम्हीच म्हणालात ना नोराचा रंग. नाही म्हणालात? म्हणालात. — नाही. नाही म्हणालात.

दार लोटा ते. नीट लोटा, त्याला ऐकू कमी येतं, पण नको तेवढं बरोबर येतं.

आता काढलीतच माझ्या पोटातली गोष्ट, तर पुरी ऐका — तुमच्या पुस्तकासाठी नाही, ते का छापायचं नाही हे कळावं म्हणून. आईला नोरानं पाहिलं आधी, उजाडताना, परसात. डावा पाय उघडा. नोरानं ओळखलं कोणाचं काम ते. आणि तुम्हाला ठाऊक आहे ना, त्या बायकांना पेपरवाले काय म्हणत होते? माझी आई गोणपाटं शिवायची, साहेब, बोटं सोलून निघायची तिची — पण एकदा त्या यादीत नाव गेलं की सगळ्या एकाच धंद्याच्या! पोरं रस्त्यात ओरडली असती माझ्या मागून. मला नेऊन टाकली असती कुठल्या तरी अनाथालयात. म्हणून नोरानं स्वतःचा मोजा काढला नि आईच्या पायात चढवला, परकर गुडघ्याखाली ओढला, नि मगच बोंब मारली. चांगलंच केलं, असं वाटलं तिला. मलाही वाटलं. पोलीस म्हणाले, हे त्याचं काम नाही. मला नोरानं आपल्या घरी नेलं.

नोराला मोजे तेवढेच. दुसरे कुठून आणणार? बुधवारी डॅन आला गोदीतून पिऊन — लॅरीचा बाप — नि त्याला दिसला तिचा उघडा पाय. कुणाकडे राहिला गं तुझा मोजा? ती म्हणाली, मेलेल्या बाईला दिला. कोण विश्वास ठेवणार? तुम्ही ठेवला असता? पडद्यामागं मी होते, लॅरी झोपला होता, त्याच्या कानांवर मी हात ठेवले होते. ब्रेड कापायची सुरी होती ती. मग त्यानं तिला ओढत परसात नेलं. सकाळी सगळ्या गल्लीनं पाहिलं, गळा चिरलेला, डावा पाय उघडा — नि म्हणाले, चौथी!

आता मांडा तुमचा हिशेब. आईला आत घ्या, की तिच्या पायातला तपकिरी मोजा नोराचा ठरतो, नि नोरा बाहेर पडते. आणि नोरा बाहेर पडली, की पायरीवर बसलेल्या त्या माणसाला कळतं त्याच्या आईला कुणी मारलं. दर रविवारी बापाच्या कबरीवर जातो तो. अख्ख्या जन्मात हात उचलला नाही त्यानं माझ्यावर — का, ते विचारा. म्हणतो, माझा बाप गरीब स्वभावाचा होता, विनी, आमच्या घराण्यात ते नाही. — असं म्हणतो! आणि मी मान हलवते. चाळीस वर्षं हलवतेय.

सत्य? सत्याचं सांगू नका मला. तुमच्या सत्यानं माझी आई उठणार आहे का? तिला लिहा दारुडी, लिहा भांडकुदळ, हवं ते लिहा, मी तोंड उघडणार नाही. माझी आई आहे ती, सोसेल ती. पण नोरा जिथं आहे तिथं राहू द्या.

 तुमच्या डोळ्यांत दिसतंय. पाचवी सापडली म्हणून आनंद झालाय तुम्हाला. उठा. उठा म्हणते ना! ती टोपी घ्या. आणि बाहेर पडलात की लॅरी विचारेल, काय म्हणाली आमची म्हातारी? सांगा, शिव्या घातल्या, दुसरं काही बोलली नाही. विश्वास बसेल त्याचा. निघा.